पोरबंदरी दगडाचा भुगा: दुरुस्ती करूनही दर दिवाळीनंतर लोणा परत का येतो

तक्रार दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत येते: ‘गेल्याच वर्षी पॅच मारला होता, परत भुगा पडायला लागला.’ फोन येतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. इमारत बहुधा फोर्टातली, नाहीतर काळा घोड्याकडची, सव्वाशे-दीडशे वर्षांची असते. भिंत दुसऱ्या दगडाची, पण खिडक्यांच्या चौकटी, कमानी, कठडे, कोरीव पानंफुलं पोरबंदरी. खालच्या फरशीवर रोज सकाळी पिठीसाखरेसारखा पांढरट भुगा. झाडून घेतला की दोन दिवसांत परत तेवढाच.

जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत माझी बावीस वर्षं गेली. या एका तक्रारीपायी पुन्हा पुन्हा पाण्यात गेलेले पैसे मी जितके पाहिलेत, तितके दुसऱ्या कशापायी पाहिले नाहीत. म्हणून कारण कसं शोधायचं आणि काम कोणत्या क्रमाने करायचं, ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

एका चार मजली इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खिडकी घ्या. आठ वर्षांत तीनदा दुरुस्त झालेली. मी गेलो तेव्हा चौकटीवर ताटलीएवढा सिमेंटचा पॅच होता, वरून दगडाच्या रंगाचा डिस्टेंपर. टिचकी मारली तर पोकळ वाजला. पातळ छन्नी कडेने आत सारली आणि अख्खा पॅच हातात आला. पुढून ठणठणीत, एक तडा नाही. उलटा केला तर पाठीवर बोटाच्या पेराएवढा पोरबंदरी दगडाचा थर चिकटलेला. नख लावलं तर दमट साखरेसारखा सुटत होता. भिंतीवरच्या उघड्या जागी कापसाच्या तंतूंसारखे पांढरे बारीक केस उभे होते. तो लोणा, म्हणजेच खार. पॅच सुटताना आपल्यासोबत दगडही घेऊन आला होता, आणि आधीच्या दुरुस्त्यांतही हेच झालं होतं. दर वेळी खड्डा थोडा खोल, दर वेळी पॅच थोडा मोठा.

आधी दगड ओळखा

मुंबईच्या जुन्या इमारतीत एकच दगड क्वचित असतो. काळा बेसाल्ट, मालाड-कुर्ल्याचा पिवळट-तपकिरी दगड आणि फिकट मलईच्या रंगाचा पोरबंदरी, हे तिन्ही एकाच भिंतीत सापडतात. पहिले दोन ज्वालामुखीतून आलेले, पोरबंदरी मात्र चुनखडक. खाली पडलेला एखादा खडा घ्या, ताजा फोडा आणि आतल्या बाजूवर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडक. भिंतीवर हा प्रयोग करू नका. आणि वरच्या जुन्या चुन्याच्या गिलाव्यालाही बुडबुडे येतात, म्हणून खडा फोडूनच पाहायचा.

आता तोच खडा भिंगाखाली धरा. बाजरीच्या कण्यांसारखे गोल-लांबट कण एकमेकांना टेकून बसलेले दिसतील, मध्ये मोकळ्या जागा. यातले बरेचसे कण म्हणजे समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांची कवचं आणि शंखशिंपल्यांचा चुरा. या जीवांचं मिलिओला हे नाव बाजरीवर्गातल्या धान्याच्या लॅटिन नावावरूनच आलंय, आणि भूशास्त्रातले लोक या दगडाला मिलिओलाइट म्हणतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही चुनकटी वाळू हिमयुगाच्या काळात साचली, पुष्कळशी वाऱ्याने टेकड्यांसारखी रचली गेली, आणि कणांच्या मधे कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक, जमून तिचा दगड झाला. म्हणून काही ठोकळ्यांत तिरक्या रेघा दिसतात. त्या वाळूच्या टेकडीच्या थरांच्या.

कण कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यांना जोडणारा चिकवाही कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि मधे भरपूर पोकळी. एवढ्यात या दगडाचे सगळे गुण आणि सगळी दुखणी आली. छन्नी सहज चालते, म्हणूनच व्हीटीची (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जाळीदार नक्षी, माणसांचे चेहरे, प्राणी-पक्षी त्यात कोरता आले. व्हीटीचं बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या सजावटीत जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. विद्यापीठाची इमारत आणि राजाबाई टॉवरही त्याच काळातले. दगड समुद्रमार्गे सरळ मुंबईला येत असे. पण ज्या पोकळ्यांमुळे तो हलका आणि कोरायला सोपा, त्याच पोकळ्यांतून पाणी आत जातं. पाणी एकटं जात नाही, सोबत मीठ नेतं.

मऊपणा हा या दगडाचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. पाऊस झेलून, नीट सुकू दिलेला पोरबंदरी दगड शंभर वर्षांनंतरही छन्नीची रेघ दाखवतो. तो खचतो तिथे बहुतेक वेळा त्याच्या वाळण्याची वाट आपणच बंद केलेली असते.

दिवाळीनंतरच का

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे घराघरात माहीत आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खाली आली की परत खडे धरतं. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते. दगडातलं मीठ तेव्हा पातळ होऊन आत पसरलेलं असतं, भिंत ओली पण शांत दिसते. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारची हवा कोरडी होते, ओल पृष्ठभागाकडे सरकते, मीठ तिच्यामागून येतं आणि वरच्या काही मिलिमीटरांत खडे होऊन बसतं. खडा वाढताना भोवतालच्या कणांना ढकलतो. हिवाळ्यात पहाट दमट आणि दुपार कोरडी, म्हणजे हे विरघळणं आणि परत खडे धरणं जवळपास रोज होतं. रोज थोडे कण सुटतात. फरशीवरचा भुगा तोच.

सिमेंट लावलेलं असेल तर दुसरा खार येतो: सोडियम सल्फेट. सिमेंटमध्ये अल्कली आणि सल्फेट दोन्ही असतात, आणि ओलीबरोबर ते शेजारच्या दगडात उतरतात. सोडियम सल्फेटचा स्वभाव साध्या मिठापेक्षा वाईट. ३२ अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाखाली ओल मिळाली की ते स्वतःसोबत दहा रेणू पाणी बांधून घेतं आणि फुगतं. त्याच्या वर ते पाणी सोडतं. मुंबईत ऊन पडणारी दगडी भिंत वर्षातले कित्येक महिने रोज ही रेषा ओलांडते. दगड टिकाऊ आहे का हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा नमुन्याला मुद्दाम याच खाराच्या द्रावणात बुडवतात आणि वाळवतात. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या चाचणीत अशा १५ फेऱ्या असतात. सिमेंटचा पॅच मारून आपण तीच चाचणी भिंतीवर सुरू करतो, आणि तिला शेवट नसतो.

मीठ आलं कुठून? समुद्राकडचा वारा, जमिनीतून चढणारी ओल, खाडीची वाळू वापरून केलेली जुनी दुरुस्ती, सिमेंट, कधी सफाईला वापरलेलं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा. बहुतेक भिंतींत यांतली दोन-तीन कारणं एकत्र सापडतात.

भुगा नेमका कुठे पडतोय

दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागण्याआधी एक काम स्वतः करा. इमारतीचा दर्शनी फोटो मोठा छापून घ्या आणि जिथे भुगा, जिथे पोपडे, जिथे काळं, जिथे तडा, तिथे वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करा. दोन तास लागतात. नकाशा तयार झाला की कारण बरंचसं आपोआप दिसायला लागतं.

भुगा जमिनीपासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यात असेल आणि वरची रेघ भिंतभर साधारण एका उंचीवर असेल, तर जमिनीतली ओल चढतेय. बाहेर पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा कोबा भिंतीला टेकवून केलाय का ते पाहा. पूर्वी जमिनीतली ओल मोकळ्या मातीतून उडून जायची. वाट बंद झाली की ती भिंतीत चढते.

पट्टा उभा असेल, वरून खाली, तर शंभरातल्या नव्वद वेळा डाउन-टेक, म्हणजे गच्चीचं पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप. बिडाचा जुना पाइप भिंतीकडच्या बाजूने चिरतो, आणि ती बाजू कुणाला दिसत नाही. जोरदार पावसात छत्री घेऊन खाली उभं राहा. तीन दिवसांच्या सर्वेक्षणात कळणार नाही ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

कंगोऱ्याच्या (भिंतीबाहेर आलेल्या दगडी पट्टीच्या) किंवा छज्ज्याच्या खाली असेल तर वरचं पाणी टपकून पडण्याऐवजी परत भिंतीकडे वळतंय. अशा दगडाच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी बारीक खाच कोरलेली असते. रंगाच्या थरांनी ती बहुतेक ठिकाणी बुजलेली असते. ती मोकळी करायला हजार-दोन हजार रुपयांहून जास्त लागत नाहीत, आणि मी पाहिलेल्या कामांत खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त गुण याच कामाला आलाय.

दगड मधोमध बशीसारखा खोलगट आणि चारी बाजूंच्या दरजा (दगडांमधले सांधे) कडक, वर उचललेल्या: हे सिमेंटच्या दरजांचं चित्र, दुरूनही ओळखू येतं. ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून दगडातून पडते, आणि खारही दगडातच बसतो. बांधणाऱ्यांनी दरजा चुन्याच्या ठेवल्या होत्या त्या यासाठीच. झीज व्हायचीच तर ती दरजेची व्हावी. ती पाच-पन्नास वर्षांनी परत भरता येते.

दगडाचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे सुटत असतील तर ठोकळा चुकीच्या अंगावर बसवलाय. साचून झालेल्या दगडाला थर असतात. खाणीत ते आडवे असतात तसेच भिंतीत आडवे राहायला हवेत. थर उभे आणि दर्शनी अंगाला समांतर असले की वरचं पान सुटतं, मग त्याच्या मागचं. हा दोष जन्माचा. तो जात नाही, फक्त पाणी कमी करून त्याचा वेग कमी करता येतो.

एकाच ठिकाणी कोन उडालाय आणि आत तांबूस डाग आहे, तर दगड धरून ठेवणारी आतली लोखंडी पकड गंजलीय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. पकड काढून तिथे ३१६ प्रतीची स्टेनलेस स्टीलची बसवल्याशिवाय बाहेरून काहीही लावणं व्यर्थ.

पावसाचा मार लागत नाही अशा आडोशाला काळा, खरबरीत थर दिसतो. हवेतला सल्फर डायऑक्साइड ओलीबरोबर चुनखडकावर बसला की वरच्या कॅल्साइटचं जिप्सम होतं, आणि त्यात काजळी अडकते. जिप्सम कॅल्साइटपेक्षा पाण्यात कित्येक पट सहज विरघळतं. पाऊस लागणारी बाजू म्हणूनच धुऊन पांढरी राहते पण झिजत जाते. आडोशाची बाजू काळी होते, फुगते आणि एक दिवस खपली धरून सुटते. खपलीखालचा दगड भुसभुशीत असतो. कोरीव चेहऱ्यावरची काळी खपली घासून काढली की नाक-डोळे तिच्याबरोबर जातात. म्हणून तिथे आधी हात नाही, आधी जाणकार.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर उत्तम सामानही वाया जातं. आधी पाणी, मग सिमेंट काढणं, मग खार, मग चुना. पाण्याचं काम झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, असं मी प्रत्येक सोसायटीला सांगतो. ऐकायला कुणालाच आवडत नाही. पण पाइप खरंच बरा झाला की नाही हे दुसरं कुणी सांगू शकत नाही, आणि ओल्या भिंतीतून खार ओढायला घेतला तर मागून नवा येतच राहतो. इमारत हेरिटेज यादीत असेल तर परवानगीसाठीही हा वेळ उपयोगी पडतो. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजची स्वतंत्र नियमावली लागू आहे.

सिमेंटच्या दरजा हाताने काढा. पातळ छन्नी, हलकी हातोडी, आणि घाव दरजेच्या मधोमध, दगडाच्या कडेवर कधीच नाही. ग्राइंडरने चौपट वेगाने होतं, पण चक्र एकदा घसरलं की दगडाची सरळ कड कायमची गेली. मी ग्राइंडर साइटवर येऊच देत नाही. काही ठिकाणी सिमेंट दगडाला इतकं घट्ट धरलेलं असतं की काढताना दगडाचंच जास्त नुकसान होईल. तेवढे तुकडे राहू द्यावेत आणि नोंद करून ठेवावी.

खार ओढून काढणं

हे काम दिसायला साधं आहे आणि फार मनापासून करावं लागतं. आधी सुटा भुगा मऊ ब्रशने गोळा करून घ्यायचा. पाणी मारून आत ढकलायचा नाही. मग कागदाचा लगदा, थोडी चिनी माती आणि शुद्ध पाणी यांचं थालीपिठाच्या पिठासारखं मिश्रण करायचं. पाणी नळाचं नको. बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. कोरीव भागावर आधी पातळ जपानी टिश्यू कागद ओला करून चिकटवायचा, म्हणजे लगदा काढताना कण निघत नाहीत. मग बोटाएवढ्या जाडीचा लगदा हाताने दाबून बसवायचा, मागे हवा राहता कामा नये. लगद्यातलं पाणी दगडात जातं, मीठ विरघळवतं, आणि लगदा बाहेरून वाळू लागला की मीठ घेऊन परत लगद्यात येतं. पूर्ण वाळून कडा सुटायला लागल्या की काढायचा. हवेप्रमाणे एक ते तीन आठवडे.

किती खार निघाला हे डोळ्यांनी कळत नाही. घरच्या वॉटर प्युरिफायरसाठी मिळणारा टीडीएस मीटर इथे कामाला येतो. वाळलेल्या लगद्याचा वीस ग्रॅम तुकडा दोनशे मिलिलिटर शुद्ध पाण्यात तासभर भिजवा, ढवळा, निवळू द्या, आकडा लिहून ठेवा. न वापरलेल्या लगद्याचाही असाच आकडा घ्या. पहिल्या फेरीला हजारांत येणारा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला घसरत जातो. वापरलेल्या आणि न वापरलेल्या लगद्याचे आकडे जवळ जवळ आले की थांबायचं. आकडा खाली यायलाच तयार नसेल तर लगद्याला दोष देऊ नका. पाण्याचा एखादा मार्ग अजून उघडा आहे, परत वर चढून शोधा.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळी हवेत लगदा वाळतच नाही.

चुना

कळीचा चुना विरवून, चाळून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्यावा. मुरलेला चुना थापीला लोण्यासारखा लागतो. गवंड्याला हात लावताच कळतं. एका भागाला तीन भाग वाळू हा सुरुवातीचा हिशेब. वाळू नदीची, धुतलेली, लहान-मोठ्या कणांची. मी त्यात पोरबंदरी दगडाची चाळलेली पूड घालतो, रंग जुळतो आणि दरजा दगडासारखी श्वास घेते. जिथे ओल जास्त, तिथे थोडी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. गूळ, हिरडा, बेलफळ हे जुने मसाले खरे आहेत आणि त्यांना कारणंही आहेत, पण अंदाजाने घालायचे नाहीत. आधी एका फुटाच्या नमुन्यावर, आणि तो एक हंगाम पाहून.

भरण्याआधी दरज ओली करायची, पाणी साचू द्यायचं नाही. भरताना मिश्रण कोरडंसं, दाबून. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे शेजारच्या दगडाचाच भाऊ. या प्रवासाला ओल लागते आणि वेळ लागतो. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस तरी, भर उन्हात पडदा. घाईने वाळलेला चुना बोटाने पुसला जातो, आणि मग ‘चुना टिकत नाही’ अशी बदनामी त्याच्याच वाट्याला येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात चुन्याचं काम काढणारा ठेकेदार ते जूनच्या पावसात वाहून देणार आहे, एवढं नक्की समजा.

भुसभुशीत झालेल्या, पण कोरीव म्हणून न कापता येणाऱ्या भागाला चुन्याची निवळी, म्हणजे मुरलेल्या चुन्यावरचं निवळलेलं पाणी, देतात. इंग्लंडमधल्या वेल्स या छोट्या शहरातल्या कॅथीड्रलवरच्या मूर्तींचं काम १९७० च्या दशकापासून रॉबर्ट बेकर यांच्या पद्धतीने असंच झालं, निवळीचे चाळीसच्या आसपास हात देऊन. एक लिटर निवळीत चुना जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतो, म्हणून तिच्याकडून थोडंच मागावं. सिलिकेटवर आधारित बळकटी देणारी रसायनं वालुकाश्मावर चांगली बसतात. कॅल्साइटला ती तशी धरत नाहीत, त्यामुळे पोरबंदरीवर नमुना पाहिल्याशिवाय मी त्यांना हो म्हणत नाही.

काय लावू नका, कशाने धुऊ नका

म्युरिॲटिक ॲसिडने धुतल्यावर दगड एका दिवसात नव्यासारखा दिसतो, कारण वरचा दगडच विरघळून गेलेला असतो, आणि मागे क्लोराइडचा नवा खार राहतो. वाळूचा मारा आणि जोरदार पाण्याचा फवारा कणांचा चिकवा तोडतात. पारदर्शक सिलिकॉन कोटिंगवाले ‘दगड श्वास घेतो’ असं लिहून देतात. वाफ जाते हे खरं, पण विरघळलेलं मीठ जाऊ शकत नाही. ते कोटिंगच्या मागे जमतं आणि कोटिंगसकट पापुद्रा ढकलून देतं.

आणि ऑइलपेंट. त्याचं उदाहरण मुंबईच्या मधोमध उभं आहे. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन १८६४ चं, नॉर्मन शॉ यांचं आरेखन, जेम्स फोर्सिथ यांचं शिल्पकाम, आणि दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँड, म्हणजे चुनखडकच. गेल्या शतकात त्यावर ऑइलपेंटचे थरावर थर चढले. मुलगा लहान असताना त्याला मी ते दाखवायला नेलं होतं, तेव्हा वरच्या फ्लोरा देवीच्या वस्त्राच्या चुण्या रंगाखाली जवळपास बुजलेल्या होत्या. ते थर काढून जतनाचं काम झालं आणि २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा खुलं झालं. आता मूळ दगडाचा रंग दिसतो. जाता-येता दोन मिनिटं थांबून पाहा. रंग काढलेला चुनखडक किती जिवंत असतो ते शब्दांत सांगता येत नाही. याच दगडासारखं दिसतं म्हणून जोसेफ ॲस्पडिनने १८२४ च्या आपल्या पेटंटात सिमेंटला पोर्टलँड हे नाव दिलं. नावाचं हे नातं अनेकांना खरं वाटतं आणि चुनखडकाला सिमेंट चालतं असा समज होतो.

दगड बदलायचाच असेल तर

सहा इंच आत गेलेला दगड बदलावाच लागतो. मग ‘पोरबंदरी’ एवढंच नाव लिहून माल मागवू नका. एकाच खाणीत वरचा थर आणि खालचा थर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. याची किंमत लंडनने मोजलीय. १८३४ च्या आगीनंतर नवं संसद भवन बांधायचं ठरलं तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांच्यासोबत भूशास्त्रज्ञ दे ला बेश आणि विल्यम स्मिथ यांनी देशभरच्या खाणी पालथ्या घातल्या आणि १८३९ मध्ये अहवाल दिला. त्यांनी सुचवलेल्या खाणीतून हवे तेवढे मोठे ठोकळे निघेनात, म्हणून दगड ॲन्स्टनहून आला, मॅग्नेशियम असलेला चुनखडक. खाणीवर ठोकळा निवडायला माणूस बसवला नाही. कुठला चांगला, कुठला चिरलेला, थर कोणत्या अंगाने, हे कुणी पाहिलं नाही. इमारत पूर्ण होण्याआधीच दगड खचायला लागला, आणि १९३० च्या दशकात क्लिपशमच्या चुनखडकाने तो मोठ्या प्रमाणावर बदलावा लागला. त्याच ॲन्स्टनचा, पण निवडून घेतलेला दगड लंडनमधल्याच भूशास्त्र संग्रहालयाच्या इमारतीत चांगला टिकला होता.

म्हणून खाणीवर माणूस पाठवा. ठोकळ्यावर हातोडी मारली की खणखणीत आवाज यावा. बद्द वाजला तर आत चीर. थराची दिशा खाणीतच बाणाने रंगवून घ्या, कापल्यावर ती ओळखणं कठीण जातं. भिंतीत थर आडवे. बाहेर आलेल्या कंगोऱ्यात मात्र आडव्या थरांचं खालचं पान सुटून खाली पडतं, म्हणून तिथे थर उभे पण भिंतीला काटकोनात. कमानीत थर दाबाच्या दिशेला काटकोनात. आणि नवा दगड जुन्याएवढंच पाणी पिणारा हवा. एकाच पेल्यातलं पाणी दोन्हींवर थेंब थेंब टाकून पाहा. जुन्यावर थेंब लगेच मुरतो आणि नव्यावर टिकून राहतो, तर शेजारचा जुना दगड नव्याची ओलही सोसणार. प्रयोगशाळेत पाणी शोषण्याची आणि सोडियम सल्फेटची चाचणी करून घ्या, आणि ती आलेल्या मालावर. विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावरची चाचणी धरू नका.

त्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला आता तिसरा हिवाळा आहे. डाउन-टेक बदलला, बुजलेली खाच मोकळी केली, सिमेंट काढलं, लगद्याच्या चार फेऱ्या झाल्या, मग दरजा चुन्याच्या. तिथल्या वहिनी खिडकीखाली काळा कागद अंथरून ठेवतात आणि महिन्याच्या एक तारखेला जमलेला भुगा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून मला कळवतात. पहिल्या हिवाळ्यात थोडा पडत होता. या वर्षी डिसेंबर आणि जानेवारी मिळून चमचाभरही भरला नाही. डावा वरचा कोपरा मात्र अजून सुटतोय. शेजारच्या गच्चीची पन्हळ तिथे गळते, ती आम्हाला दिवाळीतल्या अवकाळी पावसात सापडली. ती या उन्हाळ्यात बदलायची आहे. तोवर त्या कोपऱ्याला काहीच लावलेलं नाही, उघडाच ठेवलाय.